ग्रंथपडताळणी : कपाटातील आणि हार्ड डिस्कवरील

(ग्रंथालयाच्या शताब्दी महोत्सवानिमित्त सभासदांसमोर दिलेल्या व्याख्यानाची संहिता)



शताब्दीच्या व्याख्यानमालेत मराठीच्या अध्यापकाने एखाद्या ग्रंथकारावर किंवा वाङ्मयप्रवाहावर बोलावे, अशी रीत आहे. मी मात्र बाह्य हार्ड डिस्क, तिच्यावरील फायलींची व्यवस्था आणि त्या व्यवस्थेची निगा व तपासणी या विषयावर बोलणार आहे. विषय संगणकशास्त्राचा आहे हे मला मान्य आहे. परंतु आपल्या दुर्मीळ ग्रंथांचे पुढील आयुष्य ज्या वस्तूवर अवलंबून राहणार आहे, तिचे गुणदोष ग्रंथप्रेमी माणसाने जाणून घेतले पाहिजेत. एवढ्याच अधिकाराने मी आपल्यापुढे उभा आहे.

एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धापासून लाकडाच्या लगद्यापासून केलेला कागद छपाईसाठी सर्रास वापरात आला. या कागदातील आम्लामुळे तो कालांतराने पिवळा पडतो, ठिसूळ होतो आणि पान उलटताच त्याचे तुकडे हातात येतात. जुन्या मासिकांचे बांधीव खंड, नाटकांच्या पहिल्या आवृत्त्या, संस्थानी काळातील पाठ्यपुस्तके या सर्वांना हा रोग जडलेला आहे. म्हणून आपल्यासारख्या अनेक जुन्या ग्रंथालयांनी असे ग्रंथ स्कॅन करून बाह्य हार्ड डिस्कवर साठविले. हे काम स्तुत्यच आहे. पण त्यापाठोपाठ एक प्रस्ताव हमखास येतो. पुस्तक आता डिस्कवर आलेच आहे, तेव्हा जीर्ण मूळ प्रत बाद करून कपाट मोकळे करावे, असा तो प्रस्ताव. जागेची अडचण खरी असते, त्यामुळे तो सहज मंजूरही होतो. ज्या दिवशी मूळ प्रत रद्दीत जाते, त्या दिवसापासून ती लहानशी पेटी हीच आपली एकमेव प्रत ठरते. त्या पेटीत नेमके काय असते आणि ते किती टिकाऊ आहे, हे पाहिल्याशिवाय असा निर्णय घेणे धोक्याचे आहे.

आधी आकारमानाचा अंदाज घेऊ. ए-५ आकाराचे एक पान इंचाला ३०० ठिपके या प्रमाणात रंगीत स्कॅन केले आणि कोणतीही दाबणी न करता ठेवले, तर त्याला सुमारे १३ मेगाबाइट जागा लागते. ३०० पानांच्या पुस्तकाला जवळजवळ ४ गिगाबाइट लागतात. म्हणजे २ टेराबाइटच्या एका डिस्कवर अशी ५०० पुस्तके मावतात. आयबीएम कंपनीने १९५६ साली रॅमॅक नावाची पहिली व्यापारी डिस्क-यंत्रणा आणली. तिच्यात ५० मोठ्या तबकड्या होत्या आणि एकंदर ५० लाख अक्षरे मावत. आज तळहातावर ५०० ग्रंथ येतात ही विज्ञानाची किमया खरीच. मात्र ती पेटी हातातून पडली, तर ५०० ग्रंथ एकदम पडतात हेही ध्यानात ठेवावे.

आता फाइल सिस्टीम म्हणजे काय ते पाहू. ग्रंथालयातील माणसाला ही कल्पना समजायला कठीण नाही. आपल्याकडे कपाटे असतात, त्यांत पुस्तके असतात. परंतु दाखल-नोंदवही आणि तालिका नसतील तर ते ग्रंथालय न राहता नुसते गोदाम होईल. हार्ड डिस्कचेही तसेच आहे. तिच्या तबकडीवर सेक्टर नावाचे लहान लहान कप्पे असतात. पूर्वी एका कप्प्यात ५१२ बाइट मावत, नव्या डिस्कमध्ये ४०९६ मावतात. एका पुस्तकाची फाइल अशा लक्षावधी कप्प्यांत विभागलेली असते आणि ते कप्पे सलग असतीलच असे नाही. कोणत्या फाइलचा कोणता भाग कोणत्या कप्प्यात आहे, कोणते कप्पे रिकामे आहेत आणि कोणते खराब म्हणून वगळले आहेत, याची नोंदवही डिस्कवरच एका ठिकाणी लिहिलेली असते. ही नोंदवही आणि ती लिहिण्याचे नियम मिळून फाइल सिस्टीम होते.

या पद्धती अनेक आहेत. १९९६ मध्ये आलेली फॅट-३२ जवळजवळ प्रत्येक यंत्राला वाचता येते, पण तिच्यात ४ गिगाबाइटपेक्षा मोठी फाइल ठेवता येत नाही. आत्ताच केलेला हिशेब आठवला, तर एखादा जाडजूड ग्रंथ एकाच फाइलमध्ये बांधताना ही मर्यादा आड येते, हे लक्षात येईल. विंडोजची एनटीएफएस १९९३ साली आली. प्रत्यक्ष नोंदवहीत बदल करण्यापूर्वी ‘मी अमुक बदल करीत आहे’ असे ती रोजकीर्दीत लिहून ठेवते. त्यामुळे मध्येच वीज गेली तरी नोंदी पूर्ववत जुळविता येतात. लिनक्सवरील ईएक्सटी-४ ही २००८ पासूनची पद्धतही अशी रोजकीर्द ठेवते. २००६ मध्ये आलेली एक्सफॅट विंडोज आणि मॅक या दोहोंवर लिहिता-वाचता येते, म्हणून ती लोकप्रिय आहे. पण तिला रोजकीर्द नाही. लिहिणे चालू असताना केबल निघाली, तर तिच्या नोंदी अर्धवट राहण्याचा संभव अधिक. एनटीएफएसची डिस्क मॅकवर वाचता येते, पण वेगळ्या सोयीवाचून तिच्यावर लिहिता येत नाही. ग्रंथालयात सर्व यंत्रे विंडोजची असतील, तर जतनाच्या डिस्कसाठी एनटीएफएस हीच निवड शहाणपणाची ठरते.

ही व्यवस्था बिघडते कशी? बहुतेक वेळा घाईने. संगणक वेग राखण्यासाठी काही मजकूर आधी आपल्या स्मृतीत ठेवतो आणि सवडीने डिस्कवर उतरवितो. पडद्यावर काम संपल्यासारखे दिसते, प्रत्यक्षात शेवटच्या नोंदी व्हायच्या असतात. त्याच क्षणी डिस्क ओढून काढली, तर पुस्तक कपाटात आणि नोंद हवेत, अशी स्थिती होते. विंडोज १० च्या २०१८ मधील एका आवृत्तीपासून बाह्य डिस्कसाठी ही सवडीची पद्धत मूळ रचनेतच बंद ठेवलेली असते. तरीही चालू असलेले लेखन तोडले तर नुकसान व्हायचे ते होतेच. म्हणून ‘सेफली रिमूव्ह’ या आज्ञेचा वापर करावा आणि डिस्कचा दिवा स्थिर झाल्यावरच केबल काढावी. विजेचा लपंडाव, सैल केबल, एकाच जोडणीतून दोन-तीन डिस्कना पुरविलेला अपुरा विद्युतप्रवाह आणि व्हायरस ही इतर कारणे होत.

नोंदवही बिघडल्याची चिन्हे ओळखता येतात. फोल्डरची नावे विचित्र चिन्हांत दिसू लागतात, फाइल दिसते पण उघडत नाही, किंवा डिस्क जोडताच ‘वापरण्यापूर्वी ही डिस्क फॉरमॅट करावी लागेल’ असा संदेश येतो. हा संदेश आला असता होकाराचे बटण कदापि दाबू नये. त्याचा अर्थ पुस्तके नाहीशी झाली असा नसतो. संगणकाला नोंदवही वाचता येत नाही, एवढाच असतो. मॅक वा लिनक्सच्या पद्धतीने सिद्ध केलेली धडधाकट डिस्क विंडोजला जोडली, तरीही हाच संदेश येऊ शकतो. तिथे फॉरमॅट करणे म्हणजे नोंदवही वाचता आली नाही म्हणून नवी कोरी वही आणून पहिली फाडून टाकणे होय.

अशा वेळी तपासणीची साधने उपयोगी पडतात. विंडोजमध्ये चेकडिस्क नावाची आज्ञा आहे. लिनक्समध्ये एफएससीके, तर मॅकमध्ये डिस्क युटिलिटीतील फर्स्ट एड. आपण दरवर्षी ग्रंथपडताळणी करतो, म्हणजे नोंदवही हातात घेऊन कपाटापुढे उभे राहतो. ही साधने तेच करतात. नोंदीत आहे पण जागेवर नाही, जागेवर आहे पण नोंदीत नाही, एकाच जागेवर दोघांचा हक्क लागला आहे, असे सर्व प्रकार ती शोधतात. चेकडिस्क नुसती चालविली तर ती केवळ पाहणी करून अहवाल देते, काही बदलत नाही. ‘एफ’ हा निर्देश दिला तर नोंदी दुरुस्त करते. ‘आर’ हा निर्देश दिला तर त्याशिवाय प्रत्येक कप्पा वाचून पाहते, खराब कप्पे बाजूला काढते आणि त्यांतील वाचता येण्याजोगा मजकूर वाचविण्याचा प्रयत्न करते. मोठ्या डिस्कवर याला अनेक तास लागतात. नोंद नसलेले तुकडे सापडले तर ते वेगळ्या फोल्डरमध्ये क्रमांक देऊन ठेवले जातात. मुखपृष्ठ गळालेली पुस्तके आपण टेबलावर काढून ठेवतो, तसाच हा प्रकार. लिनक्समध्ये अशी तपासणी करण्याआधी डिस्क वापरातून सोडवून घ्यावी लागते, हे विसरू नये.

येथे एक पथ्य सांगतो, आणि आजच्या व्याख्यानातील एकच गोष्ट आपण लक्षात ठेवणार असाल तर हीच ठेवावी. दुरुस्ती म्हणजे डिस्कवर नव्याने लिहिणे. डिस्कमधून टक्‌टक्‌ असा आवाज येत असेल, साधी फाइल उघडायला काही मिनिटे लागत असतील, किंवा डिस्क मध्येच दिसेनाशी होत असेल, तर दोष नोंदवहीत नसून यंत्रात आहे असे समजावे. तबकडीपासून काही नॅनोमीटर अंतरावर, म्हणजे मिलिमीटरच्या दहा लाखाव्या हिश्श्याच्या काही पटींइतक्या उंचीवर, तिचे वाचनशीर्ष तरंगत असते. ते शीर्षच दुखावलेले असेल, तर तासन्‌तास चालणारी दुरुस्ती त्या तबकडीचा अंत ओढवू शकते. अशा वेळी आधी शक्य तितका मजकूर दुसरीकडे उतरवून घ्यावा. लिनक्समधील डीडीरेस्क्यूसारखे साधन सुलभ भाग प्रथम आणि अवघड भाग नंतर, अशा क्रमाने संपूर्ण डिस्कची नक्कल काढते. दुरुस्तीचे प्रयोग मग त्या नकलेवर करावेत. जीर्ण पोथी आपण आधी उतरवून घेतो आणि मग तिला डिंक लावतो, हा क्रम जुनाच आहे.

यंत्राच्या प्रकृतीची चौकशी करण्यासाठी बहुतेक डिस्कमध्ये स्मार्ट नावाची व्यवस्था असते. बदली दिलेल्या कप्प्यांची आणि संशयित कप्प्यांची संख्या ती सांगते. हे आकडे वाढू लागले की डिस्क निवृत्त करावी. परंतु आकडे शून्य आहेत म्हणून निर्धास्त राहता येत नाही. गूगल कंपनीच्या संशोधकांनी एक लाखाहून अधिक डिस्कच्या नोंदींवरून २००७ साली एक अभ्यास प्रसिद्ध केला. त्यात निकामी झालेल्या डिस्कपैकी निम्म्याहून अधिक डिस्कवर चार प्रमुख धोक्याच्या खुणांपैकी एकही खूण आधी उमटलेली नव्हती.

याहूनही सूक्ष्म धोका तिसरा. नोंदवही शुद्ध आहे, यंत्र सुरळीत चालते आहे, पण फाइलमधील मजकूरच कोठेतरी बदलला आहे, असे घडू शकते. नक्कल करताना सदोष केबलमुळे किंवा संगणकाच्या स्मृतीतील दोषामुळे एखादा बिंदू पालटतो. चेकडिस्कला याचा पत्ता लागत नाही, कारण ती नोंदी तपासते. एनटीएफएस किंवा एक्सफॅट यांच्यात मजकुराची खूण राखून ठेवण्याची सोय नाही. आपल्या पडताळणीतही हेच घडते. पुस्तक जागेवर आहे, शिक्का आहे, क्रमांक जुळतो. पण मधली १६ पाने कोणी कापून नेली आहेत हे पुस्तक उघडल्याशिवाय कळत नाही.

यावरचा उपाय आपल्या परंपरेला अपरिचित नाही. जुन्या हस्तलिखितांच्या शेवटी लेखक ओवीसंख्या किंवा ग्रंथसंख्या नोंदवीत. पुढच्या नकलकाराने मोजणी करावी आणि काही गळले असल्यास त्याला कळावे, हा तिचा एक उपयोग. वेदपाठकांनी क्रम, जटा, घन अशा पाठपद्धती सिद्ध केल्या. शब्द पुढूनमागून गुंफले की एक अक्षर चुकले तरी कानाला खटकते. आजच्या काळात हे काम चेकसम नावाची खूण करते. एसएचए-२५६ या पद्धतीने कोणत्याही फाइलवरून ६४ चिन्हांची एक खूण काढता येते. फाइल एका पानाची असो वा एक हजार पानांची, खूण तेवढीच लांब; पण मजकुरातील एक बिंदू बदलला तरी संपूर्ण खूण बदलते. स्कॅनिंग होताच सर्व फायलींच्या खुणा काढून यादी करावी आणि दरवर्षी नव्याने काढलेल्या खुणा तिच्याशी ताडून पाहाव्यात. यासाठी लागणाऱ्या आज्ञा विंडोज व लिनक्समध्ये मूळच्याच आहेत, वेगळा खर्च येत नाही. फायली आणि त्यांच्या खुणांची यादी एकत्र बांधून ठेवण्याची बॅगइट नावाची पद्धत अमेरिकेतील लायब्ररी ऑफ काँग्रेस आणि कॅलिफोर्निया डिजिटल लायब्ररी यांच्या सहकार्यातून घडली आणि २०१८ मध्ये तिचा तपशील अधिकृतपणे प्रसिद्ध झाला. लहान ग्रंथालयालाही ती सहज अवलंबिता येईल.

खूण जुळली नाही, तर चूक कळते. पण चूक सुधारायला दुसरी शुद्ध प्रत लागते. लीळाचरित्राची मूळ प्रत धामधुमीत नाहीशी झाली आणि पुढे अनुयायांनी ती स्मरणाने पुन्हा सिद्ध केली, असे महानुभाव परंपरा सांगते. त्यामुळे निर्माण झालेल्या पाठभेदांचा गुंता अभ्यासकांना आजही सोडवावा लागतो. याउलट शके १५०६ मध्ये, म्हणजे १५८४ साली, एकनाथांनी ज्ञानेश्वरीची शुद्ध प्रत सिद्ध केली. आपल्याच बडोद्यात प्राच्यविद्यामंदिराने वाल्मीकि रामायणाची चिकित्सक आवृत्ती १९६० ते १९७५ या काळात सात खंडांत प्रसिद्ध केली, तीही ठिकठिकाणच्या हस्तलिखितांची तुलना करून. तुलनेला प्रती होत्या, म्हणून ही कामे होऊ शकली.

पीटर क्रोग या छायाचित्रकाराने रूढ केलेला तीन-दोन-एक हा नियम याच तत्त्वाचा आहे. प्रती तीन असाव्यात, त्या दोन प्रकारच्या साधनांवर असाव्यात आणि त्यांपैकी एक वास्तूबाहेर असावी. ‘वास्तूबाहेर’ या शब्दाचा अर्थ बडोदेकरांना वेगळा समजवायला नको. २०१९ आणि २०२४ या दोन्ही वर्षी विश्वामित्रीच्या परिसरात पाणी कोठवर चढले ते आपण पाहिले आहे. तीनही प्रती तळमजल्यावरच्या एकाच लोखंडी कपाटात असतील, तर त्या तीन नव्हेत, एकच आहे. एक प्रत दुसऱ्या गावातील स्नेही ग्रंथालयात ठेवावी आणि त्यांची एक प्रत आपण सांभाळावी. १९१० मध्ये श्रीमंत सयाजीराव महाराजांनी अमेरिकेतून बोर्डन यांना पाचारण करून ग्रंथालय चळवळ उभी केली. त्या चळवळीत पेट्यांतून पुस्तके गावोगाव जात. आज पेटीचा आकार लहान झाला आहे, एवढेच.

दोन प्रकारच्या साधनांविषयीही थोडे सांगतो. तबकडी नसलेल्या एसएसडी प्रकारच्या डिस्क जलद असतात आणि पडझड सोसतात. पण त्यांतील मजकूर विद्युतभाराच्या रूपात असतो आणि दीर्घकाळ वीज न मिळाल्यास, विशेषतः उष्ण हवेत, तो भार ओसरू शकतो. वर्षानुवर्षे कपाटात ठेवण्यासाठी त्यांच्यावर विसंबू नये. तबकडीच्या डिस्कनाही कायमची झोप मानवत नाही. वर्षातून किमान दोनदा त्या चालवून पाहाव्यात. ठेवताना धूळ, ओल आणि लोहचुंबक यांपासून दूर, सिलिका जेलच्या पुडीसह बंद डब्यात ठेवाव्यात. काम नसताना डिस्क संगणकापासून सोडविलेली असावी. सर्व फायली कुलूपबंद करून खंडणी मागणाऱ्या व्हायरसपासून न जोडलेली प्रतच वाचते. फायलींना लांबलचक नावे देऊ नयेत; दाखल क्रमांक हेच फाइलचे नाव असावे. विंडोजमध्ये फोल्डरांसह संपूर्ण पत्ता सामान्यतः २६० अक्षरांच्या आत ठेवावा लागतो, आणि लांब नावांच्या फायली नकलेच्या वेळी मागे राहतात.

शेवटी, शताब्दी वर्षात कार्यकारी मंडळाने चार ठराव करावेत, अशी माझी नम्र विनंती आहे. पहिला, वार्षिक ग्रंथपडताळणीच्या आठवड्यातच डिस्कचीही पडताळणी व्हावी. आधी खुणांची तुलना, मग स्मार्टची पाहणी, मग चेकडिस्कचा केवळ अहवाल, आणि दुरुस्ती करायचीच झाल्यास दुसरी प्रत सुस्थितीत असल्याची खात्री करून मगच, असा क्रम असावा. दुसरा, प्रत्येक डिस्कची स्वतंत्र नोंदवही असावी. खरेदीची तारीख, फाइल सिस्टीम, तपासणीचे दिनांक, आढळलेले दोष आणि तपासणाऱ्याची सही तिच्यात असावी, आणि ही वही कागदाची असावी. तिसरा, डिस्क बिघडण्याची वाट न पाहता ठराविक वर्षांनी नवी घेऊन मजकूर तिच्यावर उतरवावा. यासाठी अंदाजपत्रकात पुस्तकखरेदीप्रमाणेच कायमची तरतूद असावी. चौथा ठराव सर्वांत महत्त्वाचा. तीन प्रती तयार होऊन त्यांच्या खुणा जुळल्याशिवाय, आणि कोणातरी वाचकाने त्या फाइलची सर्व पाने प्रत्यक्ष उघडून पाहिल्याशिवाय, कोणतीही मूळ प्रत बाद करू नये. आणि जी प्रत दुसऱ्या कोठेच उपलब्ध नाही, ती तर त्यानंतरही बाद करू नये. कापडात बांधून ठेवावी.

यातील चौथ्या ठरावातला वाचक मिळविणे हे सभासदांचे काम आहे. ५०० पुस्तकांची पाने उलटून पाहायला दोन कर्मचाऱ्यांना कित्येक महिने लागतील. पण ५० सभासदांनी प्रत्येकी १० पुस्तके वाटून घेतली, तर ते काम एका पावसाळ्यात संपेल. निवृत्त मंडळींना सवड आहे, तरुणांना यंत्राची सवय आहे, आणि जुनी पुस्तके वाचण्याचा आनंद दोघांनाही मिळणार आहे. ग्रंथपालांच्या टेबलावर यासाठी एक यादी ठेवलेली आहे. सभा संपल्यावर आपण त्या यादीत आपले नाव व सवडीचा वार लिहून जावे, अशी विनंती करून मी आपली रजा घेतो.